पाच रिमोटांच्या जागी एक

रिमोट काय किंवा किस्से काय, कोणी मुद्दाम जमवत नाही. टीव्हीबरोबर एक रिमोट येतो, केबलच्या डब्याबरोबर दुसरा, डीव्हीडीबरोबर तिसरा, आणि एक दिवस बघावं तर टीपॉयवर पाच पडलेले! आमच्या दुकानातले किस्से असेच साठले.

दुकान नाशिकला, द्वारका चौकाजवळ. टीव्ही, साउंड सिस्टिम आणि नव्याने सुरू केलेलं होम थिएटर. मालक अरुणकाका, म्हणजे बाबांचे मित्र. मी नुकतीच इलेक्ट्रॉनिक्सची बी.ई. होऊन तिथे रुजू झाले होते, आणि जग बदलायची मला भयंकर घाई होती. मोबाइलला तेव्हा बटणंच असायची. अशा काळात मी काकांच्या मागे लागून टचस्क्रीनचे दोन युनिव्हर्सल रिमोट मागवले. पाचांच्या जागी एक! त्याच्या स्क्रीनवर मी स्वतः चित्रं करून मराठी बटणं बसवली: ‘बातम्या’, ‘गाणी’, ‘सिनेमा’. ‘सिनेमा’वर बोट दाबलं की टीव्ही, डीव्हीडी, अँप्लिफायर, सगळं एकामागोमाग आपोआप सुरू. घरातलं यंत्र घरातल्या प्रत्येकाला चालवता आलं पाहिजे, नुसतं बाबांना आणि थोरल्या मुलाला नव्हे, हे माझं ठाम मत होतं. अजूनही आहे!

मला दुकानाची मागची खोली हवी होती. तिथे सोफा टाकून, स्पीकर लावून, लोकांना निवांत बसवून सगळं दाखवायचं.

काका म्हणाले, “दसऱ्यापर्यंत एका घराने जरी हा रिमोट पसंत केला, तरी खोली तुझी. नाहीतर तिथे कूलरची खोकी!”

*

पहिलं गिऱ्हाईक एक निवृत्त हेडमास्तर. दोन्ही रिमोट त्यांनी उत्तरपत्रिका तपासावी तसे उलटून पालटून पाहिले.

“बटणं कुठायत?”

“स्क्रीनवर, सर. हात लावला की उजळतात.”

“अंधारात दिसतात?”

“लख्ख!”

“आणि लाइट गेल्यावर?”

“तरीही दिसतात सर, आत बॅटरी आहे,” मी अभिमानाने म्हणाले.

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. सरांनी रिमोट काउंटरवर ठेवला. “लाइट गेल्यावर टीव्ही बंद, डीव्हीडी बंद, आणि हा एकटा जागा. कशासाठी?”

काका पाठ फिरवून हसत होते. खोकी एक पाऊल पुढे सरकली!

*

मग गंगापूर रोडच्या एक काकू आल्या. त्यांनी चार दिवस वापरून बघते म्हणून एक रिमोट घरी नेला. दुसऱ्याच दिवशी फोन. “अगं, तुझा रिमोट भुताटकीचा आहे. आपला आपणच चॅनल बदलतोय!”

मी स्कूटीला किक मारून पोचले. बघते तर रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेला, वरून दोन रबरबँड. त्यातला एक बरोबर पुढच्या चॅनलच्या बटणावर आवळलेला. ही स्क्रीन दाबावर चालायची. रबरबँड बिचारा इमानाने दाबत होता.

“काकू, हे रबर काढा.”

“रबर काढलं तर पिशवी निघेल.”

“मग निघू दे ना!”

“पिशवी निघाली तर रिमोट खराब होईल!”

टीपॉयवर त्यांचे बाकीचे चार रिमोट तशाच पिशव्यांत मांडलेले होते. एकाच्या पिशवीत तर कंपनीने चिकटवलेला पातळ कागदही तसाच होता. टीव्ही सात वर्षांचा! मी तावातावाने म्हणाले, “काकू, वस्तू वापरायला असते, जपायला नव्हे.”

काकूंनी सोफ्यावरची चादर सारखी केली आणि रिमोट माझ्या हातात दिला. “पिशवी राहू दे तुला. स्कूटीवर धूळ बसेल त्याच्यावर.”

*

आता वाटलं, सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. निदान सराव तरी होईल. तो रिमोट मी आमच्या हॉलमध्ये बसवला. फक्त एक अडचण होती. ‘सिनेमा’ दाबल्यावर सगळी यंत्रं सुरू होईपर्यंत, म्हणजे सात सेकंद, रिमोट टीव्हीकडे रोखून धरावा लागे. मध्येच खाली ठेवला तर चित्र आहे आणि आवाज नाही. बाबा दर वेळी दाबायचे आणि लगेच चहाकडे वळायचे.

मी वैतागले. “बाबा, सात सेकंद हलायचं नाही!”

बाबा शिस्तीचे. उठून उभे राहिले, टाचा जुळवल्या, रिमोट छातीसमोर धरला. ते उभे म्हणून शेजारचे जोशीकाकाही उभे राहिले. जोशीकाका उभे म्हणून मीही.

आई पोह्यांची बशी घेऊन दारात थबकली. “झालं का झेंडावंदन? पोहे गार होतायत!”

*

कोणता रिमोट पुढे करायचा, यावर मात्र काकांचं आणि माझं खरं भांडण झालं. एक होता अख्खा स्क्रीनचा, गुळगुळीत, देखणा. दुसरा जरा बोजड, पण कडेला आवाजाची आणि चॅनलची चार खरी बटणं. माझा जीव पहिल्यावर.

काकांनी मोठ्याने गाणं लावलं. “डोळे मीट. आता आवाज कमी कर.”

मी अंदाजाने बोट दाबलं. गाणं थांबलं. पुन्हा दाबलं. टीव्ही लागला. तिसऱ्यांदा दाबलं तर ट्रे बाहेर आला, सीडीसकट!

“शाब्बास, मॅडम इंजिनिअर. आवाज कमी करणं सोडून सगळं झालं,” काका म्हणाले. “अगं, माणूस रिमोटकडे बघत नाही, टीव्हीकडे बघतो. अंगठ्याला काहीतरी लागायला नको?”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोजड रिमोटवर मराठी बटणं चढवायला बसले.

*

दसरा आठवड्यावर आला आणि एकच घर उरलं. निफाडकडचे भाऊसाहेब. द्राक्षांचे मोठे बागायतदार, नवा बंगला, मोटरवर सरकणारे पडदे, हॉलमध्ये भिंतीएवढा टीव्ही. बोजड रिमोट मी त्यांच्याकडे वापरायला ठेवला, पडदे आणि दिवेसुद्धा ‘सिनेमा’ बटणात घालून दिले.

भाऊसाहेब म्हणाले, “मला आवडलाय, ताई. पण आमची आई नाय म्हणती. पाच असतील तर एक बिघडला तरी चार राहत्यात, आणि तुमचा एकच हाय, असं तिचं म्हणणं. दसऱ्याला या. तवा काय ते सांगतो.”

दसऱ्याच्या सकाळी काका आणि मी निफाडला. हॉलमध्ये टीव्हीसमोरच पाट मांडले होते. एकावर विळे, कोयते, द्राक्षं छाटायच्या कात्र्या, फवारणीच्या पंपाची नळी. शेवटच्या पाटावर झेंडूच्या पाकळ्यांत आमचा रिमोट! आईंनी त्यालाही हळदीकुंकू वाहिलं होतं. त्यांचा कडक चेहरा बघून मी मनातल्या मनात खोलीत खोकी रचून टाकली.

देवीची आरती सुरू झाली. सगळं घर टाळ्या वाजवतंय. आई एकेका पाटावर नारळ ठेवत आल्या, आणि शेवटचा त्यांनी ठेवला थेट रिमोटवर.

पडदे सरकू लागले.

दिवे मंद होत गेले आणि विझले. टाळ्या थांबल्या. समोर टीव्ही उजळला. मी जोडणी तपासायला आणलेली जंगलाची डीव्हीडी आतच राहिली होती. पाचही स्पीकरमधून, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, वाघाने डरकाळी फोडली!

निरांजनाच्या उजेडात आईंनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“आली,” त्या म्हणाल्या. “वाहनावर बसून आली!”

मला राहवेना. “आई, तसं नाही, ही स्क्रीन दाबावर...” काकांनी माझ्या पायावर पाय दिला.

आईंनी रिमोटला नमस्कार केला. “भाऊ, ह्यो या घरातून हलवायचा नाय. ते बाकीचे पाच दिऊन टाक कुणाला.”

पुढची आरती सुरू झाली. भाऊसाहेब हळूच माझ्याजवळ सरकले.

“ताई, पक्का! फक्त येक सांगा,” ते कानाशी म्हणाले, “नारळ रोज ठेवायला लागंल का?”