चरखी ज्या ओळीवर फिरते

मी आवारात पाय टाकला आणि गाणं थांबलं. पहिल्याच दिवशी! त्यानंतरचे किस्से मात्र सरकीसारखे साचलेत. पदर झटकला तरी दोनचार चिकटलेले निघतातच.

तर सांगते. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि विलायतेला वऱ्हाडच्या कापसाची तहान लागली. आमचे हे अमरावतीत एका कापूस-व्यापाऱ्याकडे कारकून झाले आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून मी इथे आले. बाबा शहरातल्या कॉलेजात शिकवत, सुट्टीत घरी येत. त्यांनी कॉलेजची पुस्तकं मला घरीच पढवली, पण अनोळखी माणसाशी बोलायचं कसं, ते राहूनच गेलं. सगळ्या गावात मला बोलायला कुणी नाही!

घरामागेच व्यापाऱ्याचं आवार. तिथे वीस-पंचवीस बायका लाकडी चरख्या फिरवून कापसातली सरकी काढत आणि दिवसभर गात. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं जोडायची. मी वही घेऊन लिहायला गेले, तर सगळ्या गप्प!

"काहून वं वैनी, आमची गानी चोरून राहिली का?" मुकादमीण सरजाबाईनं विचारलं. "हितं कायदा हाये. ज्या ओळीवर चरखी फिरते, तिलेच उत्तर भेटते. तुई ओळ टाक. कोनी उचलली तं तू आमची. होळीपर्यंत येळ हाये, मंग कापूस सरते, आवार बंद. तवर बस, पन वही मीट!"

वही मिटली. गाणं सुरू झालं.

*

कोपऱ्यात हमीदाबी पिंजारीण कापूस पिंजायची. तिच्या धनुष्यासारख्या पिंजणाचा 'टणत्कार' हाच सगळ्यांचा ताल. एकदा ऐन गाण्यात पिंजणाची ताणलेली तात, म्हणजे आतड्याची दोरी, तुटली. असा आवाज झाला, की मी किंचाळून कापसाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतले!

मला बाहेर ओढायला कुणी उठलं नाही. कारण हमीदाबी तोंडानंच "टण्ण, टण्ण" करत होती, अगदी तशीच, आणि गाणं चुकलं नव्हतं. शेवटची ओळ संपल्यावर ती म्हणाली, "तात टुटी तो टुटी बाई, गाना थोडीच टुट्या? अब वैनीले काढा कोनी!"

*

सरजाबाई आणि तिची थोरली जाऊ काशीबाई दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. घर एक, चूल एक! पण ओळीला उत्तर द्यावंच लागतं ना. काशीबाई चरखी फिरवत गाई,

"मीठ सरलं वं घरी, कोन जाईन बाजारा?"

पलीकडून सरजाबाई,

"खारी जीभ घाल वरनात, जाऊ नको बाजारा!"

संध्याकाळी मीठ घेऊन कोण गेलं? सरजाबाईच!

*

एकदा व्यापाऱ्याकडे आलेला गोरा साहेब माल पाहायला आवारात शिरला. नाकाला रुमाल, डोक्यावर भली मोठी टोपी. काशीबाईनं मानसुद्धा वर केली नाही.

"साह्यबाच्या डोक्यावर कोनं पालथलं टोपलं?"

सरजाबाईनं श्वास न घेता जोडलं,

"खाली कोंबडीचं पिल्लू गाढ वं झोपलं!"

साहेबानं सोबत आलेल्या आमच्या ह्यांना अर्थ विचारला. हे घाईघाईनं म्हणाले, "साहेब, आपल्याला आयुष्य चिंतताहेत!" साहेब खूश. त्यानं टोपी काढून बायकांना लवून मुजरा केला. खाली चकचकीत टक्कल!

लगेच हमीदाबी,

"उघडलं वं टोपलं, पिल्लाले नाही पीस!"

कॉलेजातल्या कुणा पंडिताला जमेल का हो हे, हात चालू ठेवून?

*

मग मी हिंमत केली. रात्री बसून आर्या वृत्तात चार चरण रचले, मात्रा तीनदा मोजल्या. आवारात उभं राहून म्हटले. दुसऱ्याच चरणाला एकेक चरखी थांबली. एकीच्या चरखीत तर कापूस अडकून बसला!

"वैनी," काशीबाई म्हणाली, "हे देवापुढं म्हन. देवाले काम नसते."

मी रडत घरी आले. तीन दिवस गेले नाही. होळी उद्यावर आली.

त्या दिवशी गेले ती थेट एका रिकाम्या चरखीवर बसले. दांडा फिरवायला लागले. हात दुखला, बोट चिमटलं. काही रचायचं सुचलंच नाही. दांडा वर जाई, खाली येई, आणि त्याच्याबरोबर तोंडातून आपसूक निघालं,

"माझ्या माहेराच्या दारी, पाणी येतं पाणी जातं,
इथं पांढरे डोंगर, इथं कुणाशी गं नातं?"

कुणी ओळ उचलली नाही. पण चरख्या थांबल्या नाहीत. मी मान खाली घालून पुन्हा तेच म्हटलं. डोळ्यांतलं पाणी थेट सरकीवर पडत होतं. तिसऱ्यांदा ओळ सुरू केली.

तेवढ्यात पलीकडून सरजाबाईचा खणखणीत गळा आला,

"नको पाहू वं पान्याले, दांडा फिरव चरखीचा,
रडू रडू ओला केला ढीग आमच्या सरकीचा!"