प्रशांत थांबा म्हणाला होता

साताऱ्याहून रामाकोना दीड-दोन दिवसांचा प्रवास आहे. मला सहा वर्षं लागली. आधी पाय बरा व्हायचा होता, मग निवृत्ती व्हायची होती, मग कारणं संपली. नोव्हेंबरात तिकीट काढलं.

मी सैन्यात रुग्णवाहिका चालवायचो. आफ्रिकेत शांतिसेनेच्या तळावर प्रशांत माझ्या गाडीवर नर्सिंग असिस्टंट होता. वय चोवीस, गाव रामाकोना, तालुका सौंसर. तो आफ्रिकेतच गेला. त्याच्या आईवडिलांना मी कधी भेटलो नव्हतो.

नागपूरहून रेल्वेनं पांढुर्ण्याला उतरलो आणि सौंसरची बस धरली. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मध्येच संत्र्यांच्या बागा. माझी पिशवी पाहून कंडक्टर म्हणाला, "हनुमानाले चालले ना?" मी नाही म्हणेपर्यंत जामसांवली आली, त्यानं मला उतरवलं आणि बस गेली.

इथला हनुमान आडवा झोपलेला आहे. आजारी माणसं लांबून येतात. प्रशांत सांगायचा, "आमच्या इकडे पेशंट पहिले हनुमानाले दाखवतात, मंग डॉक्टरले." मी दर्शन घेतलं. दुसरी बस तासाभरानं आली.

सौंसरला बस बदलून रामाकोन्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. प्रशांतचे वडील गणपतराव अंगणात संत्री निवडत होते, लहान एकीकडे, मोठी एकीकडे.

"कोण पायजे?"

"प्रशांतसोबत होतो. फौजेत."

त्यांनी हातातलं संत्रं ढिगावर ठेवलं. चुकीच्या ढिगावर. मग आत हाक मारली, "आयकलं का, प्रशांतच्या फौजेतले आले. भाकर टाक."

जेवायला ज्वारीची भाकर, भरली वांगी आणि पातेलंभर वरण. प्रशांतची आई वाढत होती. दुसऱ्या भाकरीला गणपतरावांनी विषय काढला.

"फौजेच्या पत्रात लिवलं होतं, नाला पार करताना वाहून गेला. गावात लोक म्हणून राहिले, पोहता येत नसन. लहानपणापासून इथल्या नदीत पोहला तो." मग त्यांनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

मग सगळं सांगितलं. बाळंतपणात अडलेली तिथली एक बाई आम्ही दवाखान्यात आणत होतो. नाल्याचं पाणी चढत होतं. प्रशांत म्हणाला, "तासभर थांबू, उस्ताद." मी म्हणालो, काही होत नाही. मधोमध गाडी कलंडली. त्यानं मागच्या दारानं बाईला काढलं आणि पोहत काठावर नेलं. मग माझ्यासाठी परत आला. माझा पाय अडकला होता. त्यानं पट्टा कापला, पाय सोडवला, मला बाहेर ढकललं. तेवढ्यात वरून एक ओंडका आला. मी झाडाला धरलं. तो दिसला नाही. बाईला संध्याकाळी मुलगी झाली.

"तो थांबा म्हणला होता?" आईनं विचारलं.

"हो."

"अन् तुमी आयकलं नाही."

"नाही."

त्या उठून आत गेल्या. निघावं असं वाटलं, पण हात उष्टा होता.

बऱ्याच वेळानं त्या वही आणि पेन घेऊन आल्या. डोळे लाल होते, आवाज सरळ होता. "हे सारं लिहून द्या, भाऊ. तो थांबा म्हणला, ते पहिले लिवा. दोन डाव पाण्यात गेला, बाईसाठी अन् तुमच्यासाठी, तेही लिवा."

मी हात धुतला आणि लिहिलं. दीड पान झालं. खाली नाव, हुद्दा, सही. गणपतरावांनी मोठ्यानं वाचलं. 'मी ऐकलं नाही' या ओळीवर ते अडखळले, तीच ओळ पुन्हा वाचली आणि पुढे गेले.

"उद्या पारावर वाचा, साऱ्या गावासमोर," आई त्यांना म्हणाली.

गणपतराव बसपर्यंत सोडायला आले. बस दिसल्यावर म्हणाले, "पुन्हा या, असं नाही म्हणत मी. पन आले, त चालन."

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. माफी मागायला म्हणून गेलो होतो. ती मागायची राहिली, आणि त्यांनीही तो शब्द काढला नाही. त्यांना माझ्याकडून जे हवं होतं ते दीड पानात मावलं. ते दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं, आणि मी सहा वर्षं ते स्वतःजवळ ठेवून बसलो होतो.