माझ्या पाळीतले ब्रेक

वाटण्या झाल्या तेव्हा आम्हा दोघा भावांत तीन गोष्टी सामायिक राहिल्या: विहीर, तिची पाइपलाइन आणि जुनी चारचाकी. विहिरीची पाळी आठवड्याची होती, म्हणून गाडीचीही तशीच ठरली. सोमवारी सकाळी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतल्या खिळ्याला चावी अडकवायची, दुसऱ्यानं ती काढून घ्यायची. ज्याच्या पाळीत जे मोडेल ते त्यानं दुरुस्त करायचं. कळंबला आमच्या शेजारी ट्रॅक्टरचंही असंच चालायचं, त्यामुळे यात कुणाला वावगं वाटलं नाही. फक्त, मोडायला आलेली वस्तू दुसऱ्याच्या पाळीपर्यंत ढकलायची सवय लागते. मी हायस्कुलात शिकवत होतो, धाकटा भाऊ शेती बघायचा. ही सवय त्याच्याहून मला जास्त लागली.

ब्रेकची किरकिर माझ्याच पाळीत सुरू झाली, शाळेच्या फाटकापाशी. मिस्त्री म्हणाला, पॅड संपलेत, बारामतीहून घेऊन या.

दुकानदारानं माझ्यापुढं दोन खोकी उघडली.

"गुरुजी, हे मऊ हायत. पकड चांगली, पर लवकर झिजत्यात. आन् हे कडक. ह्यांना मरण न्हाय."

मी दोन्हींवर नख ओढून पाहिलं. कडक पॅडवर ओरखडाही उठला नाही. पाइप काय, पट्टा काय, आम्ही सगळं असंच पारखतो. जे झिजत नाही ते चांगलं. शिवाय हे घेतले तर पॅडचं काम पुन्हा माझ्या पाळीत येणार नव्हतं. खरं कारण हेच होतं.

"कडकच द्या."

"देतो. पर नवे हायत, रुळस्तवर धरायचे न्हाईत. सकाळच्या गारठ्यात तर लई आधीपासून दाबावं लागंल. घरात कोण कोण चालवतं?"

"भाऊ आणि मी."

"मग भावाला सांगून ठिवा."

मी मान डोलावली.

त्या आठवड्यात पाण्यावरून आमचं बोलणं बंद होतं. त्यानं माझ्या उसाला पाणी उशिरा सोडलं होतं, मी त्याला चारचौघांत टोचून बोललो होतो. सोमवारी मी चावी खिळ्याला अडकवली तेव्हा तो गोठ्यात धार काढत होता. चरवीत पडणाऱ्या दुधाचा आवाज मला ऐकू येत होता. एक वाक्य टाकायचं होतं. मी शाळेत निघून गेलो.

त्याच आठवड्यात माझ्या बायकोला सुप्याला, माहेरी जायचं होतं. गाडी त्याच्याकडे होती. तिचा आणि त्याचा अबोला नव्हता; ती लग्न होऊन आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता, आणि आई नसलेल्या त्या पोराला तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. "भावजी, सोडता का?" एवढं तिनं विचारलं आणि दोघं पहाटेच्या धुक्यात निघाले.

गाळपाचे दिवस होते. बारामतीच्या अलीकडे एका वळणापुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मोळ्या घसरल्या म्हणून रस्त्यातच थांबला होता. भावानं ब्रेक दाबला. गाडी पुढं जातच राहिली. ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे बुडखे काच फोडून आत घुसले. त्याला नुसतं खरचटलं. तिचा डावा डोळा गेला.

दवाखान्याच्या पायरीवर तो मला म्हणाला, "दादा, ब्रेक दाबला व्हता. लागलाच न्हाय." अबोल्यानंतरचे त्याचे ते पहिले शब्द.

सुप्याहून माझा मेहुणा आला होता. तो उसळला. "दाबला असता तर लागला असता! डुलकी लागली आसंल ह्याला." मग माझ्याकडं वळला. "दाजी, तुमी सांगा. ब्रेक खराब व्हतं का?"

मी म्हणालो, "नवे आहेत. आठवडाही झाला नाही. मी स्वतः निवडून आणलेत."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. पण त्यानंतर भावाला कुणी काही विचारलं नाही, आणि तोही पुन्हा काही बोलला नाही.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "म्या ह्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, आन् ह्यानं माझा डोळा काढला." मी तिथंच पेपर धरून बसलेला असायचो. तो अंगणात आला की ती मुद्दाम डावी बाजू त्याच्याकडं करून बसे, म्हणजे तो तिला दिसू नये. पुरणपोळीचं ताट त्याच्या घरी जायचं बंद झालं. त्यानं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. ती गाडी आम्ही विकून टाकली.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. तिरडी उचलताना त्यानं खांदा दिला, तेव्हा सुप्याच्या एकानं त्याला बाजूला करून स्वतःचा खांदा लावला. भाऊ मागं सरला आणि गर्दीच्या शेवटी चालू लागला. मी मडकं धरून पुढं चालत होतो. तेव्हाही बोललो नाही.

यंदा माझ्या आताच्या गाडीचे पॅड झिजले. मी त्याला म्हटलं, बारामतीला सोबत चल. वाटेत तो माझ्या शेजारी पाय खाली रोवून बसला होता. दुकानात आता जुन्या मालकाचा पुतण्या असतो. त्यानं विचारलं, "टिकाऊ देऊ का पकडणारे?"

मी भावाला हाताला धरून दुकानाबाहेर आणलं आणि नख ओढल्यापासून गोठ्यापर्यंत सगळं सांगितलं. तो रस्त्याकडं बघत होता.

"वैनीला कवा सांगितलंस?"

"नाही सांगितलं."

"कवाच न्हाय?"

"नाही."

तो म्हणाला, "मला का सांगतोस मग? मी ब्रेक दाबला व्हता, हे मला ठावं हाय की. ज्यांना ठावं न्हाय त्यांना सांग. सुप्याला जा."

आणि तो चालत स्टँडकडं गेला. पकडणारे पॅड मी एकट्यानं बसवून घेतले.

सुप्याला जायला मला पुढचा पंधरवडा लागला. मेहुणा आता थकलाय. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा चहा आला, तो त्यानं हातानंच परत पाठवला. शेवटी म्हणाला, "दाजी, माझी बहीण येवढी वर्सं चुकीच्या माणसाकडं पाठ करून बसली. तुमाला रोज दिसत व्हतं. जेवण कसं गेलं तुमाला?"

मी म्हणालो, "गेलं."

"उठा," तो म्हणाला.

माघात त्याच्या नातीचं लग्न निघालं. निमंत्रण द्यायला सुप्याची माणसं कळंबला आली आणि माझ्या दारावरून पुढं भावाकडं गेली. लग्नाच्या सकाळी तो फेटा बांधून वेशीकडं निघाला. मी गाडी बाहेर काढली, त्याच्याजवळ थांबवली.

"सुप्यापर्यंत सोडतो. मी आत येणार नाही."

"नगं. यष्टी हाय," तो म्हणाला, आणि फेट्याचा शेमला सावरत चालू लागला.