आक्काला उघडलेला फोन

आमच्या दोघींचं लगीन एकाच मांडवात झालं. वंदनाआक्का माझी सख्खी थोरली बहीण, आणि सासरी तीच माझी थोरली जाऊ. रामकिसन दाजी तिचे मालक, त्यांचा धाकटा भाऊ माझा नवरा. दोन बहिणी दोन भावांना द्यायची आमच्या घनसावंगीकडं रीतच आहे. तोंडवळा तर इतका सारखा, की सारं गाव फसतं, सासूबाई बावीस वर्षांनीही मला आक्का समजून कामं सांगतात आणि मी मुकाट करते.

आक्काचं काय सांगू. सातवी शिकलेली, पण गावात तिच्या शब्दाला वजन. बोलणं फटकळ. कापूस वेचायला लागली की दोन बायांना मागं टाकते, आणि वरून त्यांनाच म्हणते, "हात चालवा, तोंड घरी गेल्यावर चालवा." मी गावची आशा वर्कर. सुईला भिणाऱ्या, मशिनीला लाजणाऱ्या बायांपुढं मी आधी आक्काला उभं करते. तिनं दंड पुढं केला की बाकीच्या गपगुमान रांगेत येतात.

तसंच दिवाळीनंतर छातीच्या तपासणीचं शिबिर आल्तं. एक बाई आत जायला तयार न्हाई. मी म्हणलं, आक्का, तू जा पहिली. ती लाजली, पण गेली. तिच्यामागं एकोणतीस बाया गेल्या. त्या साऱ्या ठणठणीत निघाल्या. गाठ निघाली ती आक्कालाच.

जालन्याच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट माझ्या फोनवर आला. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत ऑपरेशन करा. घरी दाजी डोकं धरून बसले. त्यांच्या लेकीचं, आकांक्षाचं, लगीन मंठ्याला ठरलेलं, अडीच महिन्यांवर. "सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर सोयरीक मोडंल, मीना. लगीन होऊ दे, मंग बघू." आणि दुखणं अंगावर काढू नका म्हणून दारोदार सांगत फिरणारी मी, हो म्हणून बसले. आक्काला सांगितलं, साधी चरबीची गाठ आहे. वरून माझ्या पिशवीतल्या कॅल्शियमच्या गोळ्या तिला दिल्या. जेवण झालं की ती त्या इमानदारीनं घ्यायची.

राहिला फोन. आक्का माझा फोन कवाही उचलायची, पॅटर्न तिला पाठ. मी घनसावंगीच्या मोबाइलवाल्याकडं गेले. म्हणलं, असं कुलूप घाल की माझ्याबिगर उघडायलाच नको. त्यानं पॅटर्न काढून नवा नंबर टाकला, फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "झालं, ताई. आता तुमच्या तोंडाशिवाय बिलकुल खुलणार न्हाई." सोयही मोठी झाली. एका हातात वजनकाटा, दुसऱ्या हातात रजिस्टर, नुसतं बघितलं की फोन चालू. मी इतकी बिनघोर झाले की फोन कुठंही टाकायला लागले.

परवा दुपारी ओसरीवर लगनाच्या शेवया चालल्या होत्या. माझे हात पिठाचे. फोन वाजला, आक्कानं उचलेपर्यंत वाजायचा थांबला. लगेच मेसेज आल्याचा आवाज झाला. "दवाखान्याचा दिसतोय," ती म्हणाली. मी मान वर केली न्हाई. कुलूप आहे, भ्यायचं काय.

मंग परात सरकवताना वर पाहिलं, तर आक्का फोन वाचून राह्यली होती.

"उघडला कसा?" माझ्या तोंडून हेच निघालं, बघा. बहिणीच्या जिवावर बेतलेलं, आणि मी कुलपाचं विचारते.

तिनं बटन दाबून फोन बंद केला, परत तोंडापुढं धरला. उघडला. पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला. आमच्या तोंडवळ्याला सारं गाव फसतं तिथं फोनही फसला, आणि हे माझ्या डोस्क्यात एकदाही आलं न्हाई. जिच्यापासून लपवायचं तिलाच किल्ली देऊन बसले होते मी.

"वंदना रामकिसन," तिनं मेसेज मोठ्यानं वाचला, "ऑपरेशनला कधी आणता? दोन महिने होऊन गेले."

दाजी दारात येऊन उभे होते, तसेच थिजले. "अगं, लगनासाठी थांबलो," ते म्हणाले.

"कुणाला विचारून?"

आक्का रडली न्हाई, ओरडली न्हाई. चार झापडा हाणल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं दवाखान्याला उलटा फोन लावला. फोनचा आवाज मोठा, आम्हाला सारं ऐकू येत होतं.

"मीनाताई ना?" तिकडची बाई म्हणाली. "पेशंटला अजून सांगितलंच नाही का तुम्ही?"

"पेशंटच बोलून राह्यली," आक्का म्हणाली.

तिकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"उद्या येते मी. लगीन राहू द्या बाजूला. मला फक्त एक सांगा, उशीर झाला का?"

"उद्या या. डॉक्टर बघून सांगतील."

आक्कानं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "डॉक्टर बघून सांगतील" हे उत्तर मी गावातल्या कैक बायांना दिलेलं आहे, उशीर झाला हे तोंडावर सांगवत न्हाई तवा. त्याचा अर्थ काय असतो, ते तिला मीच कधीतरी सांगितलं होतं.