वन्संची जमीन

म्युझियमची मातीची जमीन मी फिनेल घालून धुतली. दोन बादल्या पाणी ओतलं, वर खराटाही फिरवला. तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलेलं. माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागरवाल्यांची मी लेक, वाढले शेणामातीत. पण लग्न होऊन रोह्याला आले, पायाखाली लादी आली, आणि चिखल कशाने होतो तेही विसरले.

म्युझियम म्हणजे एका जुन्या शाळामास्तरांचं घर. त्यांच्यामागे गावच्या समितीने लोकांना बघायला म्हणून जसंच्या तसं ठेवलेलं. किल्ली माझ्या थोरल्या नणंदेच्या, आमच्या वन्संच्या कमरेला. दसऱ्याला पाहुणे यायचे होते, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी मला मदतीला बोलावलं आणि मी हे दिवे लावले. वन्संनी दारातूनच माजघर पाहिलं, पदर खोचला.

"बरं केलंस गो. आता भात लाव यात."

'हात लावू नये' ही पाटी वन्संना खपत नसे. समितीने लावली की दुसऱ्या दिवशी ती चुलीत. पाऊस सरला की पडवीला आडोशाला बांधलेले नारळीचे झाप सोडायला, तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासायला त्या बघायला आलेल्यांनाच जुंपायच्या. धाटावच्या कंपनीतले एक साहेब बायकोला घेऊन आले आणि तिकीट विचारू लागले. वन्सं म्हणाल्या, "ती दोन घंगाळं दिसतायत ना? एक तुमचं, एक बाईंचं." साहेबांनी मुकाट घासलं. पुढच्या रविवारी आईलाही घेऊन आले.

तर दसऱ्याला त्या चिखलात समितीच्या अध्यक्षांची चप्पल रुतली. लादी घालायचं त्यांच्या मनात केव्हाचं होतं, आता आयतं निमित्त मिळालं.

"मातीची जमीन सांभाळणं काही व्हायचं नाही. दिवाळीआधी लादी बसवून टाकतो," ते म्हणाले. "पाणी ओतलं कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, "मी."

मी गप्प राहिले. तेवढं शौर्य मला तेव्हा जमत असे.

अध्यक्ष गेल्यावर वन्सं माझ्याकडे वळल्या. "लादी बसली की मास्तरांचं घर कसलं राहतंय, कचेरी होईल कचेरी. तुझ्या माहेरच्या बायका आण."

आणल्या. टेम्पोतून आल्या, जमीन बडवायची लाकडी चोपणी घेऊन. मिठागराची जमीन चोपण्यात जन्म गेलेला, हाताला सवय. चिखल उकरला, नवी माती पसरली आणि बडवायला बसल्या. जो बघायला येई त्याच्याही हातात वन्सं चोपणं देत. दुसऱ्या दिवशी माझे तळहात फोडांनी भरले. दाखवायला गेले तर म्हणाल्या, "फिनेल लाव."

लादीचा ट्रक आला तेव्हा माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्ष उंबऱ्याबाहेर थांबले. "आक्का, बाजूला व्हा. माणसं खोळंबलीत."

"नाय होत," वन्सं म्हणाल्या. "आत यायचं तर चोपणं धर. नायतर ट्रक घेऊन जा."

माझी चुलतबहीण मान वर न करता म्हणाली, "या दादा, बाप्यांना पण जमतंय."

सगळ्या हसल्या. अध्यक्ष गेले, ट्रकही गेला. ती लादी पुढे वाचनालयाच्या मोरीला लागली, आणि मास्तरांची जमीन दिवाळीपर्यंत अशी टणक वाळली की रांगोळीचं बोट सरळ फिरलं.

तेव्हापासून दर आश्विनात तिथे जमीन चोपायचा दिवस असतो. यंदा समितीनेच त्याचं पत्रक छापलं. वन्सं ते बघायला नाहीत.

त्यांच्या शेवटच्या दिवाळीत मी वरसे गावी त्यांच्या घरी, उशाशी बसले होते. इतकी वर्षं राहून गेलेलं शेवटी विचारलं, "वन्सं, पाणी मी ओतलेलं. तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी तुला परत त्या घरात पाऊल ठेवू दिलं नसतं. मला तिथून काढायची छाती नव्हती कुणाची. आणि जमीन बडवायला मला माणूस लागणार होतं."