कुंभकोणमच्या मोटारीचा साक्षीदार

पुण्याच्या स्टेशनावर मला पोहोचवायला चौघे आले होते. त्यांपैकी तिघांनी एकच प्रश्न विचारला, "तुला मोटार चालवता येते का?" चौथी माझी बायको. तिला उत्तर ठाऊक होते, म्हणून ती नुसती हसत होती.

गोष्ट अशी की एका मासिकात मी मोटारींवर सहा लेख लिहिले होते. ते कॅटलॉग वाचून लिहिले होते, आणि कॅटलॉग फुकट मिळतात. मी स्वतः सायकलवरून कचेरीत जातो. पण छापलेल्या अक्षरावर माणसे फार विश्वास ठेवतात. दूर कुंभकोणमला सेतुमाधवराव नावाचे निवृत्त सबजज्ज हे मासिक मागवीत असत. त्यांचे घराणे भोसल्यांच्या राज्याबरोबर तंजावरकडे गेलेले. ते राज्य इंग्रजांनी खालसा करून तीन पिढ्या उलटल्या, तरी घरात बोलणे मराठीच. त्यांचे पत्र आले: "आम्हांस दोन आसनांची वेगवान मोटार घेणें आहे. ती विलायतेहून करवून आणावी कीं दुकानीं तयार उभी आहे ती घ्यावी, याविषयीं आपण प्रत्यक्ष येऊन साक्ष द्यावी. प्रवासखर्च आमचा." हे शेवटचे वाक्य वाचल्यावर मी माझ्या अज्ञानाचा फारसा विचार केला नाही.

मद्रासला गाडी बदलून मी लहान रुळांच्या गाडीत बसलो. विल्लुपुरमपर्यंत उन्हाने जीव नकोसा केला, पण मायावरम मागे पडले आणि दोन्ही बाजूंना भातशेती सुरू झाली. इतका हिरवा रंग मी एका ठिकाणी कधी पाहिला नव्हता. समोरच्या गृहस्थांनी मला विड्याची पाने देऊ केली आणि तमिळमध्ये अर्धा तास काही सांगितले. मी "सरि, सरि" (बरे, बरे) म्हणत राहिलो. कुंभकोणम येताच त्यांनी उठून आपली वळकटी माझ्या हातात दिली. मी ती उतरवून देण्याचे कबूल केले होते, हे मला तेव्हा कळले.

फलाटावर सेतुमाधवराव स्वतः आले होते. साठीचे, ताठ, कपाळावर गोपीचंदन. मी त्यांच्या उजव्या हाताशी उभा राहून नमस्कार केला, तर ते समोरच बघत राहिले. जज्ज माणूस, असायचाच थोडा ताठा, असे मी मनात म्हटले. बाहेर वण्डी (बैलगाडी) उभी होती. मोटारीचा तज्ज्ञ बैलगाडीतून गावच्या मेलकावेरी भागातल्या त्यांच्या घरी पोहोचला.

घराला रस्त्याच्या बाजूने लांब तिण्णै (बसायचा ओटा) होती. तिथे रावांचे धाकटे बंधू गोविंदराव माझी वाटच पाहत होते. रावांच्या पत्नी सुंदराबाईंनी पितळी भांड्यातून कॉफी दिली. तिचा वास पुण्यापर्यंत नेता आला असता तर मी या विषयावर सातवा लेख लिहिला असता. जेवणात रसवांगी (चिंच आणि डाळ घातलेली वांग्याची भाजी) होती. ती मी तीनदा मागितली. सुंदराबाई म्हणाल्या, "लाजूं नका. पुण्याचीं माणसें येवढें जेवतात मणून (म्हणून) आम्हांस ठाऊक नव्हतें."

जेवण झाल्यावर खटला उभा राहिला. एका बाजूला विलायतेचे कॅटलॉग. त्यातून हवा तो रंग, हवे ते टप, हवे तसे आसन निवडायचे आणि दहा महिने थांबायचे. दुसऱ्या बाजूला तिरुचिरापल्लीच्या एका मुदलियार दुकानदाराकडे उभी असलेली तांबडी गाडी. ती डोंगरातल्या कुणा मळेवाल्या साहेबाने मागवली होती. गाडी बोटीतून उतरण्याआधीच साहेब मायदेशी निघून गेला, आणि गाडी आठ महिने दुकानात राहिली.

आता या घराची रीत सांगायला हवी. या घरात तयार वस्तू कधी येतच नाही. वीणा तंजावरला सांगून करवलेली, भांडी तांबटाकडे सांगून ठोकवलेली, पायताणसुद्धा मापाचे. सांगून करवायचे आणि वाट पाहायची. गोविंदरावांनी एकदा घाईत चांदीची तयार ताटे आणली होती, तर रावांनी त्या ताटात जेवायचे नाकारले होते. गोविंदराव मला म्हणाले, "अण्णांचें मणणें, तयार वस्तु मणजे दुसऱ्यानें नको मटलेली. माझीं ताटें तशींच पेटींत आहेत."

माझ्या लक्षात आले की यजमानांना काय ऐकायला आवडेल. मी बैठक मारून पाऊण तास बोललो. दुकानात उभ्या गाडीचे रबर वाळते, बॅटरी मरते, स्प्रिंगा एका जागी बसतात. शिवाय ती दुसऱ्याच्या आवडीची. करवून आणलेली गाडी ती आपली. गोविंदराव मान डोलावत होते. मी थांबल्यावर सेतुमाधवरावांनी मात्र एवढेच विचारले, "दहा महिने नक्की ना? सात-आठांत नाहीं होणार?"

"चांगल्या कामाला वेळ द्यावाच लागतो," मी म्हणालो.

"तें खरें," ते म्हणाले आणि उठून आत गेले. माझ्या साक्षीचा इतका खोल परिणाम झालेला पाहून मला समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला दारासुरमला घेऊन गेले. तिथे घरोघर रेशमाचे माग आहेत. सुंदराबाईंचे लुगडे एका विणकराकडे मागावर होते. ओसरीवर ताणा (उभे धागे) लांबच लांब पसरलेला, आणि विणकर पायवाटेवरून चालावे तसा त्यावरून हात फिरवत होता. मी पाहण्यात गुंगलो होतो, तेवढ्यात सेतुमाधवरावांनी शेजारच्या टोपलीला पाय मारला. टोपली चांगली घागरीएवढी होती. रंगीत रिळे अंगणभर पळाली. विणकर "परवायिल्लै" (असू दे) म्हणाला आणि आम्ही तिघे ओणवे होऊन रिळे गोळा करू लागलो. रावांच्या हाताला फक्त समोरची रिळे लागत होती. बाजूची मी उचलली. मोठी माणसे खाली बघून चालत नाहीत, असे मी परत येताना त्यांना थट्टेने म्हणालो. ते हसले नाहीत.

दुपारी सुंदराबाईंनी मला मागल्या दारी नदीच्या पायऱ्यांवर बोलावले. त्या भाजी निवडत होत्या. मी त्यांना अक्का म्हणू लागलो होतो.

"तुम्हांस पुण्याहून बोलाविलें तें कायला (कशाला), कळलें का?" त्यांनी विचारले.

"गाडीची साक्ष द्यायला."

"तयार गाडी घ्या मणून सांगायला. दुसऱ्या कायला पणि (सुद्धा) नव्हे." त्यांनी भाजी खाली ठेवली. "ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. मद्रासच्या डॉक्टरानें सांगितलें, एक वर्ष. कमीहि असेल. आतां नळींतून पाहावें तसें समोरचें तेवढें दिसतें. बाजूचें असकें (सगळे) गेलें. घरांत मला एकटीला ठाऊक आहे. तरणे होते तेव्हांपासून ह्यांस अशी मोटार पाहिजे होती. कर्ज नको, मुलींचीं लग्नें होऊंदे, पेन्शन होऊंदे, असें करतां करतां राहिलें."

"मग ती तिरुचिरापल्लीची घेऊन टाकायची."

"जज्ज होते ना. साक्षीवांचून निकाल देणार नाहींत. आणि तयार घेतली तर भावजी विचारतील, कायला घाई? कोणी दया केलेली ह्यांस सोसत नाहीं." त्यांनी भाजी पुन्हा हातात घेतली. "काल तुम्ही फार छान बोललांत."

आयुष्यात इतकी शरम मला क्वचितच वाटली असेल. दहा महिने म्हणून मी किती तोऱ्यात सांगितले होते. त्या माणसाजवळ मोजून वर्षभराचा उजेड उरला होता आणि मी त्यातले दहा महिने फुकट वाटून टाकले होते. मी अक्कांना म्हटले, "माझी फेरसाक्ष घ्या."

संध्याकाळी तिण्णैवर पुन्हा खटला बसला. मी घसा साफ करून सांगितले की कालच्या मतात बदल करणे भाग आहे. गोविंदरावांनी लगेच विचारले, "काल मणालांत कीं उभी गाडी वाळते."

"काल मी पुण्याच्या हवेच्या हिशेबाने बोललो. इथली हवा मी आज पाहिली," मी म्हणालो. "नव्या गाडीचा सांगाडा लाकडी असतो. बोटीतून उतरून ती एकदम कावेरीकाठच्या दमट हवेत आली, तर लाकूड फुगते. दरवाजे लागत नाहीत. तिरुचिरापल्लीची गाडी मात्र आठ महिने या प्रांतात मुरली आहे."

"लोणच्यासारखी?" सेतुमाधवरावांनी विचारले. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता.

"जवळजवळ तशीच."

"आणि बॅटरी?"

"ती दुकानदाराकडून नवी घालून घ्यायची."

"दुसऱ्यानें नको मटलेली वस्तु आहे, त्याचें काय?"

"साहेबाने ती नको म्हटली नाही," मी म्हणालो. "त्याने ती पाहिलीच नाही. तेव्हा गाडीला नकार मिळालेला नाही. ती आजवर कोणाची झालेलीच नाही."

हा मुद्दा मला कुठून सुचला कोण जाणे, पण माझ्या सहाही लेखांत इतके खरे वाक्य नाही. आत सुंदराबाईंच्या हातातली पळी वाजायची थांबली. मग सेतुमाधवरावांनी निकाल दिला. साक्षीदाराने मत बदलले असले तरी त्याने त्याची कारणे दिली आहेत, सबब गाडी तयार घ्यावी. गोविंदराव काही तरी बोलणार होते. राव त्यांना म्हणाले, "आणि तुझीं ताटें पेटींतून काढ. उद्यां त्यांत जेवूं." गोविंदराव इतके खूश झाले की लाकूड फुगण्याचा विषय तिथेच राहिला.

तिरुचिरापल्लीला मी आणि राव आगगाडीने गेलो. मुदलियारांनी मला तज्ज्ञ समजून इंजिनाचे झाकण उघडून दाखवले. मी आत पाहून "हूं" म्हटले. दुसरीकडे पाहून पुन्हा "हूं" म्हटले. मुदलियार घाबरले आणि त्यांनी बॅटरीबरोबर दोन टायरही नवे बसवून दिले. माझ्या तज्ज्ञपणाचा तेवढाच प्रत्यक्ष उपयोग झाला.

दुकानाचा माणूस गाडी घरी आणून देऊन गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पूजेनंतर, रस्त्यावर गर्दी नसताना, राव चाकामागे बसले. एका डॉक्टर मित्राच्या मोटारीवर ते पूर्वीच शिकले होते. त्यांनी मला शेजारी बोलावले, तेवढ्यात सुंदराबाई नऊवारी सावरत पुढे आल्या. "साक्षीदाराचें काम झालें," त्या म्हणाल्या आणि बसल्या. मी आणि गोविंदराव वण्डीतून मागोमाग निघालो. तिरुविडैमरुदूरच्या देवळापर्यंत जायचे होते.

मोटार सुटली तसा अक्कांचा आवाज सुरू झाला. "डावीकडे म्हैस. उजवीकडे सायकल. डावीकडे पाण्याच्या बायका, जरा थांबा. आतां मोकळें आहे, सोडा." गाडी नजरेआड होईपर्यंत तो ऐकू येत होता. ओट्यांवरची माणसे हसत होती. गोविंदराव मला म्हणाले, "चाळीस वर्षांत वहिनी येवढें बोलल्या नाहींत. बिचारे अण्णा." मी बैलांकडे पाहत राहिलो.

आम्ही अर्ध्या वाटेवर असतानाच ती दोघे देवदर्शन करून परत येताना भेटली. राव टोपी गमावून बसले होते. केस उभे राहिले होते, गोपीचंदन धुळीने पुसले होते. त्यांनी गाडी थांबवली नाही. फक्त भोंगा वाजवला आणि आमचे बैल शेतात शिरले.

पुण्याला आल्यावर संपादकांनी विचारले, मागवलेली गाडी बरी की तयार? मी खूप विचार केला. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने मागवावी, एवढेच मला लिहिता आले. लेख फार आखूड झाला म्हणून त्यांनी तो परत केला.

दीड वर्षाने सुंदराबाईंचे पत्र आले. "हे आतां उजेड आणि अंधार येवढेंच ओळखतात. मोटार मी चालवितें. दिसत होतें तेव्हां ह्यांनींच शिकविलें. हे डावीकडे बसतात आणि मी हळू जातें मणून भांडतात. पण गाडी उंच साहेबाच्या मापाची आहे. माझे पाय पोंचत नाहींत, पाठीस दोन उशा घ्याव्या लागतात. ह्यांचें मणणें, ही विकून माझ्या मापाची विलायतेहून करवावी. मागणीचा कागद तुम्ही भरून पाठवा. दहा महिने लागले तरी लागोत."

मी कागद भरायला बसलो. माप लिहिले, आसन लिहिले. शेवटी एक रकाना होता, गाडी केव्हापर्यंत हवी? मी लिहिले, सवडीने.