राजाची उडी

गावाकडून फोन आला तो अवेळीच. त्या दिवशी तिरुपूरच्या कापड कंपनीत चहाची सुट्टी होती. बहीण म्हणाली, "दादा, साळवे गुरुजी गेले..." जामखेडला त्यांना माती दिली तेव्हा मी इथं शिलाई मशीनवरच होतो.

नववीत इंग्रजीच्या तासाला पोरं मला हसली, म्हणून मी शाळा सोडली, ती कायमची. गुरुजी तेव्हा निवृत्त झालेले. त्यांनी कारण विचारलं नाही. ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला. आमचं ओपनिंग गावठी. घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं, उंट बाहेर काढायचा, मग राजानं घोड्यासारखी अडीच घरं उडी मारून त्या प्याद्यामागं दडायचं. शह बसला नसेल तर राजाला अशी एक उडी माफ, हा आमच्याकडचा जुना नियम.

नगरच्या स्पर्धेत त्यांनीच माझं नाव घातलं. पहिल्याच डावात, तिसऱ्या खेळीला, मी ऐटीत राजा उडवला. समोरच्या मुलानं हात वर केला. पंच आले. "ही खेळी चालत नाही. राजाला हात लावलाय, आता राजाच हलवा, एक घर." आजूबाजूला हशा पिकला. नववीतलंच ते हसू... मी उठायला खुर्ची मागं सारली.

तेवढ्यात दोरीपलीकडून गुरुजी म्हणाले, "साहेब, चूक माझी हाय. मीच तसं शिकवलं त्याला."

"आजोबा, इथं बोलायचं नाही."

"न्हाई बोलत. पण हसायचं तर माझ्याकडं बघून हसा म्हणावं."

सगळे त्यांच्याकडं वळले. मी खुर्ची पुढं ओढली, राजा एक घर सरकवला, तासभर झुंजलो आणि हरलो. येताना एसटीत ते म्हणाले, "हारलास त्याचं काय न्हाई रं. उठला न्हाईस, लई झालं."

तिरुपूरला पहिल्या महिन्यात तमिळ कळेना, सुपरवायझर ओरडायचा. दोनदा बॅग भरली, दोनदा गुरुजींना फोन लावला. ते नुसतं विचारायचे, "बसलायस न?" मी बॅग परत रिकामी करायचो.

परवा सुट्टी मिळाली तसा त्यांच्या घरी गेलो. नातवंडांचा डाव चालला होता. धाकटीचा वजीर गेलेला, डोळे डबडबलेले. गुरुजींच्या पत्नींनी त्यांची खुर्ची उचलून तिच्या शेजारी ठेवली. "त्ये कायम हारणाऱ्याच्या बाजूला बसायचे," मला म्हणाल्या. "आता तू बस."

मी बसलो. पटावरची नजर न काढता धाकटीनं विचारलं, "मधीच उठून जानार न्हाई न तुमी?"

परतीच्या गाडीला थोडाच वेळ उरला होता...

"न्हाई," म्हटलं. "खेळ तू."